जुने गेम, नवे संगणक: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या गेमविषयी प्रश्न मागवले होते. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांत एकच सूर आहे: संगणक नवा घेतला, आणि वीस वर्षांपूर्वीचा गेम पूर्वीपेक्षा वाईट चालतो. यात संगणक कमी पडतो असं सहसा नसतं. गेम लिहिणाऱ्याने एकच कोअर, २५६ रंग, ठरावीक वेगाचा मॉनिटर असं काहीतरी गृहीत धरलेलं असतं आणि नव्या यंत्रात ते उरलेलं नसतं. नेमकं काय बदललं ते सापडलं की उपाय बहुतेक वेळा फुकटात होतो. सगळ्यांसाठी एक विनंती: काहीही करण्याआधी गेमचा अख्खा फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं झालं आणि कशाने बिघडलं, दोन्ही कळत नाही.

प्रश्न: गेमिंग लॅपटॉप घेतला, स्क्रीन १४४ हर्ट्झची. जीटीए सॅन अँड्रियासमध्ये गाडी चालवताना चित्र सारखं बारीक हिसके देतं. फ्रेम लिमिटर बंद केला तर हिसके गेले, पण गेमचा नायक सीजे पाण्यात पुढेच सरकत नाही. कधी कधी माऊसही चालत नाही. ग्राफिक्स कार्डात दोष आहे का? (एक वाचक, कराड)

कार्ड ठणठणीत आहे. हा गेम २००५ साली पीसीवर आला. त्यातल्या काही हालचाली घड्याळाच्या वेळेवर मोजल्या जातात, तर काही फ्रेमच्या, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या चित्रांच्या, संख्येवर. लिमिटर चालू असताना गेम सेकंदाला साधारण २५ फ्रेम काढतो. लिमिटर काढला की तुमचं कार्ड शेकडो फ्रेम काढतं, आणि जी हालचाल फ्रेमच्या हिशेबाने लिहिली आहे तिचं गणित चुकतं. सीजेचं पोहणं हे त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण.

आता हिसक्यांकडे येऊ. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो. ६० ला २५ ने भागा: प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला २.४ वेळा येतात. अर्धवट काही दाखवता येत नाही, म्हणून एक फ्रेम दोनदा दिसते आणि पुढची तीनदा. म्हणजे एक ३३ मिलिसेकंद टिकते, दुसरी ५०. डोळ्याला हाच फरक हिसका म्हणून जाणवतो. १४४ हर्ट्झवर भागाकार ५.७६ येतो, म्हणजे कधी पाच तर कधी सहा. तफावत कमी झाली, पण सरळ रस्त्यावर बाजूचे खांब थरथरतातच.

तेव्हा भागाकार पूर्णांकात येईल असं करा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन स्क्रीन १२० हर्ट्झवर ठेवा. बऱ्याच लॅपटॉपांत ६० आणि १४४ असे दोनच पर्याय मिळतात. तसं असेल तर ६० घ्या. मग गेममधला लिमिटर बंद करा आणि रिवाट्यूनर स्टॅटिस्टिक्स सर्व्हर हे मोफत सॉफ्टवेअर टाकून त्यात गेम सुरू करणारी एक्झी फाइल जोडा व ‘फ्रेमरेट लिमिट’ ३० करा. प्रत्येक फ्रेम १२० वर बरोबर चार वेळा दिसेल, ६० वर दोन वेळा. रिवाट्यूनरची मर्यादा गेमच्या स्वतःच्या लिमिटरपेक्षा पुष्कळ स्थिर असते. नुसतं शहरात हिंडायचं असेल तर ६० ठेवून पाहा, चित्र फार सुंदर सरकतं. पोहायची किंवा अवघड मोहीम आली की पुन्हा ३०.

माऊससाठी: डॉक्युमेंट्समध्ये ‘जीटीए सॅन अँड्रियास यूजर फाइल्स’ हा फोल्डर आहे. त्यातल्या, नावाच्या शेवटी ‘सेट’ असलेल्या फाइलचं नाव बदला. गेम ती फाइल नव्याने बनवतो. सेव्ह केलेल्या मोहिमा वेगळ्या फाइलींत असतात, त्यांना धक्का लागत नाही. फक्त कंट्रोल आणि डिस्प्लेचे पर्याय पुन्हा निवडावे लागतील. याशिवाय सायलेंटपॅच नावाची दुरुस्ती जरूर टाका, या गेमच्या कितीतरी जुन्या चुका ती नीट करते. ती चालायला एएसआय लोडर सोबत लागतो.

तुमच्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स दोन आहेत: प्रोसेसरमधलं आणि वेगळं कार्ड. जुन्या गेमला विंडोज पुष्कळदा पहिलंच देऊन टाकतं. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ‘ग्राफिक्स’ उघडा, गेमची एक्झी जोडा, ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा.

जीटीए ४ खेळणाऱ्यांनीही फ्रेमचा हा हिशेब लक्षात ठेवावा. शेवटच्या मोहिमेत हेलिकॉप्टरला लटकून वर चढायचं असतं. फ्रेम जास्त असतील तर बटण कितीही वेगाने दाबलं तरी चढता येत नाही. तेवढ्या वेळापुरतं ३० वर या.

प्रश्न: एज ऑफ एम्पायर्स २ ची जुनी सीडी आहे. गवत जांभळं आणि पाणी लाल दिसतं, नकाशा सरकवताना खेच बसते. नवं कार्ड घ्यावं का? (एक वाचक, मिरज)

घेऊ नका, एक रुपयाचाही फरक पडणार नाही. १९९९ चा हा गेम एका वेळी २५६ रंगच वापरतो. ते २५६ रंग कोणते याची यादी, म्हणजे पॅलेट, तो विंडोजकडे देतो. मध्येच डेस्कटॉप किंवा दुसरा एखादा प्रोग्राम त्या यादीत स्वतःचे रंग घुसवतो. गेमच्या दृष्टीने गवताच्या रंगाचा क्रमांक तोच आहे, पण त्या क्रमांकावर आता दुसराच रंग बसलाय. खेच बसण्याचं कारण वेगळं: हा गेम डायरेक्टड्रॉ नावाच्या जुन्या पद्धतीने चित्र काढतो, आणि विंडोज ८ पासून ती पद्धत बहुतांश अनुकरणावर चालते.

टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करण्याचा जुना उपाय तुम्ही ऐकला असेल. त्याने रंग सुधारतात, पण टास्कबार जातो आणि खेच तशीच राहते. त्यापेक्षा सीएनसी-डीड्रॉ वापरा. हा एक छोटा मध्यस्थ आहे: गेमची जुन्या पद्धतीची मागणी घेतो आणि आजच्या कार्डाला समजेल अशा भाषेत पुढे देतो. त्याची झिप फाइल उघडा आणि आतली डीड्रॉ नावाची डीएलएल (प्रोग्रामला लागणारी मदतनीस फाइल) व तिच्यासोबतची सेटिंग्जची आयएनआय फाइल गेमची एक्झी जिथे आहे त्याच फोल्डरमध्ये टाका. सोबतच्या कॉन्फिग प्रोग्राममध्ये ‘बॉर्डरलेस’ निवडलं तर ऑल्ट-टॅब करून बाहेर जाऊन परत येतानाही गेम पडत नाही.

ही डीएलएल विंडोजच्या सिस्टीम ३२ मध्ये कधीही टाकू नका. काही ठिकाणी तसा सल्ला दिला जातो, तो धोक्याचा आहे. प्रोग्राम सुरू होताना ही फाइल आधी त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये शोधली जाते, म्हणून तिथे ठेवणं पुरेसं आहे. सिस्टीममधली मूळ फाइल बदलली तर सगळ्याच प्रोग्रामांवर परिणाम होतो.

प्रश्न: ऑफिसातून निघालेला जुना आय-३ डेस्कटॉप घेतला आहे, कार्ड नाही. प्रोजेक्ट आयजीआय सुरू होतो पण अडखळतो, कडा दातेरी दिसतात. (एक वाचक, तासगाव)

या मशीनवर आयजीआय आरामात चालायला हवा. डीजीवूडू २ वापरा. सीएनसी-डीड्रॉ सपाट चित्रांच्या गेमसाठी चांगला. डायरेक्टथ्रीडीच्या पहिल्या आवृत्त्यांपासून नवव्यापर्यंतच्या आणि जुन्या व्हूडू कार्डांच्या ग्लाइड गेमसाठी डीजीवूडू. तो सगळं डायरेक्टथ्रीडी ११ किंवा १२ मध्ये बदलून देतो.

झिपमध्ये ‘एमएस’ फोल्डर आहे, त्यात ‘एक्स८६’. तिथल्या डीएलएल फाइली आणि बाहेरचा कंट्रोल पॅनेल प्रोग्राम गेमच्या एक्झीशेजारी टाका. एक्झी आतल्या एखाद्या फोल्डरमध्ये असेल तर तिथेच, वरच्या फोल्डरमध्ये टाकून उपयोग नाही. ‘एक्स६४’ मधल्या फाइली चुकून टाकल्या तर शेवटी ‘७बी’ असलेला एरर येऊन गेम उघडतच नाही, कारण गेम ३२ बिटचा आणि डीएलएल ६४ बिटची.

मग कंट्रोल पॅनेल उघडून आधी गेमचा फोल्डर निवडा. व्हिडिओ मेमरी २५६ एमबी ठेवा. जास्त दिली तर बरं, असं वाटतं. पण जुने गेम मोठा आकडा पाहून गोंधळतात, काही सुरूच होत नाहीत. स्केलिंगमध्ये प्रमाण कायम राखणारा पर्याय घ्या, नाहीतर ४:३ चं चित्र रुंद पडद्यावर ताणलं जाऊन माणसं जाडी दिसतात. दातेरी कडांसाठी अँटीएलिएसिंग २एक्स. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर त्याहून पुढे जाऊ नका. ‘वॉटरमार्क’ची खूण पहिल्यांदा मुद्दाम चालू ठेवा. कोपऱ्यात चिन्ह दिसलं म्हणजे मध्यस्थ कामाला लागला. दिसलं नाही तर फाइली चुकीच्या जागी आहेत. खात्री झाली की बंद करा.

डीएक्सव्हीके हा असाच दुसरा मध्यस्थ आहे, जीटीए ४ वर तो उत्तम काम करतो. पण त्याला वल्कन ही चित्र काढण्याची नवी पद्धत लागते, आणि विंडोजवर सहाव्या पिढीच्या आधीच्या इंटेल ग्राफिक्सला वल्कन नाही. तुमचा आय-३ कोणत्या पिढीचा आहे ते आधी पाहा.

प्रश्न: १९९६-९७ च्या सीडी आहेत. सेटअपवर क्लिक केलं की ‘हे अॅप या पीसीवर चालणार नाही’ असं येतं. (एक वाचक, वाई)

गेम ३२ बिटचा असला तरी त्या काळातले सेटअप पुष्कळदा १६ बिटचे असत. ६४ बिट विंडोज १६ बिटचं काहीही चालवत नाही, आणि विंडोज ११ तर ६४ बिटमध्येच येतं. कम्पॅटिबिलिटीचे पर्याय इथे कामाचे नाहीत. व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकातच दुसरा संगणक भासवणाऱ्या प्रोग्राममध्ये, ३२ बिट विंडोज टाकून सेटअप तिथे चालवा आणि तयार झालेला फोल्डर बाहेर आणा. बरेच गेम एवढ्याने चालतात.

त्यानंतरच्या काळातल्या काही सीडींना कॉपी रोखणारं सेफडिस्कचं संरक्षण आहे. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर सुरक्षेच्या कारणाने विंडोज १० पासून काढून टाकला. तो कुठून तरी मिळवून जबरदस्तीने बसवू नका. व्हायरसला दार उघडं करून देण्यासारखं आहे. अशा गेमची जीओजी किंवा स्टीम या ऑनलाइन दुकानांतली विकतची आवृत्ती घेणं उत्तम. स्वतः विकत घेतलेल्या सीडीची सुरक्षित प्रत ठेवायला मात्र कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ परवानगी देतं. सीडी खराब व्हायच्या आत ती काढून घ्या. गेमचं संगीत सीडीवर ऑडिओ ट्रॅक म्हणून असेल तर ‘आयएसओ’ काढू नका, त्यात ते ट्रॅक येत नाहीत. ‘बिन’ आणि ‘क्यू’ अशा जोडीत प्रत काढा.

प्रश्न: आमच्या शाळेत मुलांसाठी डॉसचे जुने गेम चालवायचे आहेत, प्रिन्स ऑफ पर्शियासारखे. विंडोजमध्ये जुनं डॉस यंत्र भासवणाऱ्या डॉसबॉक्समध्ये काही भलतेच पळतात, काही रेंगाळतात. शिवाय पूर्वीच्या सरांनी टर्बो पास्कलमध्ये केलेला पाढ्यांचा प्रोग्राम ‘रनटाइम एरर २००’ दाखवून बंद पडतो. तो चालला तर फार बरं होईल. (एक शिक्षिका, विटा)

बाई, तो प्रोग्राम नक्की चालेल, आणि चालायलाच हवा.

एररचं कारण असं. टर्बो पास्कलच्या ‘सीआरटी’ युनिटमध्ये थांबण्यासाठीची एक आज्ञा आहे. प्रोग्राम सुरू होताच ते युनिट संगणकाचा वेग मोजतं: घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे ५५ मिलिसेकंदांत, रिकामं चक्र किती वेळा फिरलं ते मोजायचं आणि ५५ ने भागायचं. उत्तर १६ बिटमध्ये मावलं पाहिजे, म्हणजे ६५,५३५ च्या आत. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या प्रोसेसरवर ते मावत नाही. भागाकार न मावणं आणि शून्याने भागणं, दोन्हीला प्रोसेसर एकच इशारा देतो. म्हणून सरांच्या प्रोग्राममध्ये कुठेच शून्याने भागलेलं नसलं तरी एरर तोच येतो. सरांची काहीच चूक नाही.

उपाय म्हणजे डॉसबॉक्सला मुद्दाम हळू करणं. स्टार्ट मेनूमधून डॉसबॉक्स ऑप्शन्स उघडा. ‘सायकल्स’च्या ओळीत ‘ऑटो’ किंवा ‘मॅक्स’ असेल. तिथे ३००० लिहा. हा वेग जुन्या २८६ यंत्राच्या आसपासचा. पाढ्यांच्या प्रोग्रामला एवढा पुरे. प्रिन्स ऑफ पर्शियासाठीही ३००० पासून सुरुवात करा. राजपुत्र जडपणे उडी मारतोय असं वाटलं तर कंट्रोल आणि एफ१२ दाबत वाढवा, कंट्रोल आणि एफ११ ने कमी होतो. वाढवताना दर वेळी दहा टक्क्यांचा आणि कमी करताना वीस टक्क्यांचा फरक पडतो, आणि चालू आकडा खिडकीच्या मथळ्यावर दिसतो. ४८६ च्या काळातले गेम १२,००० ते २५,००० मध्ये बसतात. वाढवता वाढवता आवाज फुटायला लागला तर संगणकाची ताकद संपली. थोडं मागे या.

‘अॅस्पेक्ट’ समोर ‘ट्रू’ लिहा. डॉसचं चित्र ३२० बाय २०० चं असलं तरी ते ४:३ च्या पडद्यावर उभं ताणून दिसायचं. हा पर्याय बंद असला की सगळी पात्रं बुटकी दिसतात, आणि मुलांना गेम मुळात तसाच होता असं वाटतं.

गेमच्या सेटअपमध्ये आवाजासाठी साउंड ब्लास्टर निवडा: पोर्ट २२०, आयआरक्यू ७, डीएमए १. कित्येक सेटअप आपणहून आयआरक्यू ५ धरतात आणि मग आवाज येत नाही किंवा पडदा गोठतो. माऊस खिडकीत अडकला तर कंट्रोल आणि एफ१०.

एका मशीनवर सगळं जमलं की तीच कॉन्फिग फाइल बाकीच्या मशीनवर नेता येते. वेगळ्या वेगाच्या संगणकांवरही ३००० म्हणजे ३०००, त्यामुळे सगळ्या मुलांना सारखाच वेग मिळेल.

प्रश्न: क्रिकेट ०७ मध्ये करिअर सेव्ह होत नाही. नव्या लॅपटॉपवर विंडोजमध्ये माझं नाव देवनागरीत ठेवलं आहे, त्याचा काही संबंध असेल का? (एक वाचक, कोरेगाव)

दाट शक्यता आहे. तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण ही अडचण आपल्याच लोकांना येते आणि परदेशी मार्गदर्शनात तिचा उल्लेख सापडत नाही.

लोकल अकाउंट करताना नाव देवनागरीत दिलं तर तुमचा यूजर फोल्डरही देवनागरीत बनतो. आजच्या प्रोग्रामांना त्याचं काही नाही, ते सगळ्या लिप्यांसाठीचं युनिकोड वाचतात. पण त्या काळातले बरेच गेम ‘अँसी’ या जुन्या, मोजक्या अक्षरांच्या पद्धतीने फोल्डरचा पत्ता विचारतात, आणि विंडोजमध्ये मराठीला अँसी कोडपेज, म्हणजे अक्षरांची यादी, नाही. तेव्हा गेमच्या हाती तुमच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं पडतात. विंडोजमध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, म्हणून फाइल तयारच होत नाही.

सेटिंग्जमध्ये जाऊन नाव इंग्रजीत केलं तरी फोल्डरचं नाव जुनंच राहतं. सोपा मार्ग असा: डॉक्युमेंट्स फोल्डरवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, ‘लोकेशन’. तिथे डी ड्राइव्हवरच्या एखाद्या इंग्रजी नावाच्या छोट्या फोल्डरचा पत्ता द्या, फाइली हलवायला ‘येस’ म्हणा. क्रिकेट ०७ डॉक्युमेंट्समध्येच सेव्ह करतो, त्यामुळे एवढ्याने काम व्हावं. वनड्राइव्ह डॉक्युमेंट्सचा बॅकअप घेत असेल तर तो आधी बंद करा, नाहीतर लोकेशन बदलू देत नाही. नाव देवनागरीतच राहू द्या. तुमचं नाव तुमच्या लिपीत असण्यात गैर काहीच नाही.

ज्यांचं नाव इंग्रजीत आहे आणि तरी सेव्ह गायब होतात त्यांनी गेम प्रोग्राम फाइल्समध्ये आहे का ते पाहावं. व्हिस्टापासून तिथे लिहायला सामान्य प्रोग्रामांना परवानगी नाही. विंडोज त्या फाइली गुपचूप ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. गेम सरळ डी ड्राइव्हवर टाका.

प्रश्न: रॅम ८ ची १६ जीबी केली तर जुने गेम स्मूथ चालतील का? (एक वाचक, पलूस)

नाही. ३२ बिटचा गेम साधारणपणे २ जीबीच्या पुढे मेमरी घेऊच शकत नाही. ‘लार्ज अॅड्रेस’ची खूण असलेला गेम ६४ बिट विंडोजवर ४ जीबीपर्यंत जातो. एक अपवाद आहे. वेगळं कार्ड नसेल आणि आत रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी पट्टी लावल्याने फरक जाणवतो, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅमच वापरतं आणि दोन पट्ट्यांमुळे त्याचा रस्ता दुप्पट रुंद होतो.

प्रश्न: एप्रिलमध्ये साधा २००३ चा गेम लावला तरी लॅपटॉपचा पंखा किंचाळतो. नवे गेम खेळताना एवढा आवाज नसतो. (एक वाचक, सांगली)

जुन्या गेमला फ्रेमची मर्यादा नसेल तर आजचं कार्ड जमतील तितक्या फ्रेम काढत राहतं. मेनूच्या नुसत्या स्थिर चित्रावर हा आकडा हजारांत जातो. तुम्ही बटण निवडत बसलेले असता आणि कार्ड पूर्ण ताकदीने राबत असतं. त्यात सांगलीचा उन्हाळा.

एनव्हिडिया कार्ड असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज’, ‘प्रोग्राम सेटिंग्ज’ मध्ये तो गेम निवडा आणि ‘मॅक्स फ्रेम रेट’ ६० करा. एएमडीमध्ये रेडिऑन चिल, इंटेलसाठी वर सांगितलेला रिवाट्यूनर. मर्यादा फक्त त्या गेमपुरती घाला, सगळ्यांना नको. तरीही पंखा ओरडत असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० वरून ९९ टक्के करा. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉपांत त्याने टर्बो (प्रोसेसरने आपोआप वेग वाढवणं) बंद होतो आणि तापमान लगेच उतरतं. २००३ च्या गेमला टर्बोची गरज नाही; मोठं काम करताना मात्र आठवणीने पुन्हा १०० करा.